तशाच शंभर शिवराया

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं नेट कॅफे होतं, तेव्हा शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे चाचा रोज दुपारी माझ्याकडे यायचे. डोळ्याचं भिंग न काढताच ते कॉम्प्युटरवर लिलावातली जुनी नाणी बघत बसायचे. खोटं नाणं दिसलं की दाढ ठणकल्यासारखा चेहरा करायचे.

एकदा ‘तोरण्याच्या पायथ्याला सापडलेली एकमेव शिवराई’ लिलावात आली. चाचा पुटपुटले, “गेल्या म्हैन्यात बी हीच एकमेव व्हती. ‘छत्र’ अक्षरांखाली तीच खाच. साच्यातनं काढत्यात लेकाचे.” याआधी दुसऱ्या खोट्या नाण्यांबद्दल त्यांनी माझ्याकडून साइटवर दोनदा तक्रार करवली होती, पण कुणी दाद दिली नव्हती.

त्या दिवशी मात्र ते गोड आवाजात म्हणाले, “भाऊ, त्याला इचारा. नाणं लई आवडलं, पर आमाला शंभर पायजेत. समद्यांना अश्शीच खाच हवी. जमंल का?”

मी टाइप केलं. नाण्याखालचे प्रश्न सगळ्यांनाच दिसायचे. आमचा चहा संपायच्या आत विक्रेत्याचं उत्तर आलं, “जमेल. आठ दिवस लागतील.”

चाचा इतके हसले की भिंग मांडीवर पडलं. बोली लावणारे विक्रेत्यावर तुटून पडले आणि तासाभरात शिवराई लिलावातून गायब झाली.

मला काही हसू येईना. चाचांनी भिंग सदऱ्याला पुसलं आणि हळूच विचारलं, “टाइप करताना तुमी सारखं बोलीच्या आकड्याकडं बगत व्हता. समद्यात वरची बोली तुमचीच न्हवं?”