हिला पायरीवर बसव

"एक काम कर गो. हिला त्या पायरीवर बसव. बाहुल्यांत शोभेल. त्याही बोलत नाहींत."

घरमालकीण मामी असं म्हणाल्या आणि खोलीभर बायका हसल्या.

नवरात्र होतं. मद्रासला नवरात्रात घरोघर लाकडी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. बघायला येणाऱ्या प्रत्येक पोरीनं गाणं म्हणायचं, मग तिच्या हातावर चण्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, पडायचं. अशी रीत. सहा पोरी गाऊन मोकळ्या झाल्या होत्या. सातवी माझी. चार वर्षांची. तिनं तोंड उघडलं नाही. मामींनी तीनदा विचारलं. एक अक्षर नाही.

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. पोरगी लहान म्हणून आत घेतली होती, मला आत जागा नव्हती.

"तुम्हां लोकांच्यांत बोलणें कुठें असतें?" मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "नुसती ओरड. लेंकरूं काय शिकेल?"

आणि मी हसले. सगळ्या हसत होत्या म्हणून मीही हसले. हे लिहिताना आजही अंगाची आग होते.

मी हसणारी बाई नव्हते. जुन्या रेशमी साड्या विकत घ्यायचा माझा धंदा. तेव्हाच्या जरीत चांदी असायची. दारोदार फिरायचं, पदर उन्हात धरायचा, खोट काढायची, भाव पाडायचा. सोलापूरहून आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. दोन वर्षांत मी तमिळमधून भांडत होते. मांबलम स्टेशनच्या आसपास भल्याभल्या बायका माझ्या तोंडाला भ्यायच्या.

पण घरी मी कुजबुजत होते.

खोलीपायी. आम्ही वेस्ट मांबलममध्ये आठ घरं पालथी घातली होती. आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग म्हणायचे खोली कालच गेली. नववं घर मामींचं. त्या तंजावरच्या, मराठीच. पूर्वज राजाच्या दप्तरात होते, हे आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या. आडनाव ऐकून त्यांनीही नाक मुरडलं, पण मागची विहिरीकडची खोली दिली. एका अटीवर. आवाज येता कामा नये. मामा दुपारी झोपतात, संध्याकाळी पूजेला बसतात, सकाळी पेपर वाचतात. म्हणजे दिवसभरच आवाज नको.

अशी मी. चार आण्यांसाठी तासभर हुज्जत घालणारी. ती अट मी एका शब्दात कबूल केली.

पोर त्याच खोलीत जन्मली. ती रडली की मी तिच्या तोंडावर हात ठेवायची. ती बडबडायला लागली तेव्हा सासूला बजावून धंद्यावर जायची, "आत्याबाई, तोंड उघडलं की गुळाचा खडा द्या." नवरा गोदामात हमाल, तो थकून यायचा आणि खुणांनीच पाणी मागायचा. आम्ही चौघं माणसं मुक्यासारखी राहत होतो आणि त्याला शहाणपण म्हणत होतो. पोर गुणी आहे, त्रास देत नाही, असं मी चार जणींत कौतुकानं सांगायची.

कोलूनंतर मी तिला खोलीत ठेवेना. कडेवर घेऊन धंद्याला निघायची. त्यागरायनगरात मला जुन्या साड्या विकणारी एक म्हातारी होती, दवाखान्यात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली. तिला मी सांगून टाकलं की पोर मुकी आहे. तिनं पोरीच्या पाठीमागे पितळी पळी जमिनीवर टाकली. पोर दचकून वळली.

"कान चांगले आहेत," बाई तमिळमध्ये म्हणाली. "घरी हिच्याशी बोलतं कोण?"

मी भाव न करताच पोरीला उचलून घरी आले.  

त्या दिवसापासून मी खोलीत बोलायला लागले. दार लावून, पण बोलायला लागले. हा तांदूळ, हे पाणी, ही आजी. आठवडाभर घसा सुकवला. पोर नुसती बघायची. मग माझ्या लक्षात आलं की मी चूक करतेय. धंद्यात मी कधी पहिला भाव सांगत नाही. त्यांची साडी समोर पसरते आणि गप्प बसते. समोरच्याला ते सोसत नाही, तो बोलतो. इथं मीच बोलत होते आणि पोरीला बारीच देत नव्हते.

मग मी साड्यांचे दोन तुकडे तिच्यासमोर धरले. "लाल पायजे की हिरवा?" आणि थांबले. ती बोट दाखवायची. मी म्हणायची, "हिरवा. तुला हिरवा पायजे," आणि द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा थांबायचं. चुलीवर भात करपला तरी थांबायचं. सासू म्हणायची, "येड लागलंय हिला." पाऊण महिना असा गेला.

एका दुपारी ती म्हणाली, "हिवा."

मी तुकडा दिला. तिला कळलं की बोललं की मिळतं. मग ती थांबेना. "हिवा! हिवा!" भिंतीला थापा मारून ओरडायला लागली.

मामी मागच्या दारात आल्या. "अगो, मामांची झोप मोडली. गप्प कर तिला."

"नाही करणार, मामी."

"काय म्हटलेंस?"

"पोरगी बोलायला लागलीय. आता ती बोलणार."

"मग खोली सोड. पहिल्या तारखेला."

सासूनं माझं लुगडं ओढलं. "पाया पड," ती पुटपुटली. खोटं कशाला सांगू, माझे हात जोडायला वर आले होते. सवयच ती. मी ते खाली घेतले. मामी बघत राहिल्या.

"तुला कोण खोली देतो, तें बघतेंच मी."

त्यांचं खरं होतं. कोणी देणार नव्हतं. पोरीला एकच शब्द येत होता, तोही अर्धा. वयाच्या मानानं मागं पडलेली पोर पुढं येईल की नाही, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पोरीला कडेवर घेऊन निघाले. पहिल्याच घरी मालकानं गाव विचारलं. मग आडनाव.

"ते मागनं," मी म्हटलं. "आधी माझी अट ऐका. माझी पोर घरात मोठ्यानं बोलणार. चालत असेल तर भाडं सांगा."

त्यानं दार लावून घेतलं.

मी शेजारच्या दाराची कडी वाजवली. अट तीच.