निळाईचा पाठीराखा

सिद्धेश्वरच्या फाट्यावर रत्नपाल खिल्लारेचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. धरणाच्या आसपासच्या गावांतून जळालेल्या मोटारी तिथं येतात आणि नवी तांब्याची तार लेवून परत जातात. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाचा चोख. मोटार तयार झाली की शेतकरी तिला हळदकुंकू लावून नारळ फोडायला बघायचा, तेव्हा हा स्टुलावरूनच म्हणायचा, "फोडा, फोडा. खोबरं मलाबी ठेवा. पण स्टार्टरला तिन्ही फेज येऊन राहिले का, ते आधी बघा." लोकांना त्याचा राग यायचा नाही, कारण त्याने बांधलेली मोटार लवकर जळत नसे.

हे बोलणं नुसतं तोंडदेखलं नव्हतं. बावीस प्रतिज्ञा त्याच्या बापाने लहानपणीच त्याच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या, आणि पाठ केलेलं पाळायचंही असतं, असा या माणसाचा भाबडा समज होता. भावकीतले काही जण जयंतीला निळा फेटा बांधून सगळ्यात पुढे नाचायचे आणि अडचण आली की गुपचूप कुठल्यातरी देवीला कोंबडं कापून यायचे. रत्नपालने ते कधी केलं नाही. घर बांधलं ते वास्तू न बघता, लग्न केलं ते मुहूर्त न काढता, आणि पोरगी अमावस्येला झाली तेव्हा याने सगळ्या फाट्याला पेढे वाटले. पोरीचं नाव ठेवलं दीक्षा.

अशा माणसावर पन्नाशीत एका बाईसाठी दैवत शोधायची पाळी आली. आणि ती बाई खरी नव्हतीच.

झालं असं, की दीक्षा नांदेडला फार्मसी शिकायला गेली. होस्टेलात तिच्या खोलीत पूजा राठोड होती, सेनगावकडच्या तांड्यावरची. या पूजाने तिला एका खेळाचं वेड लावलं. चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि एकाने गोष्ट सांगत न्यायची. गोष्ट सांगणारी अर्थात पूजा. गोष्टीत आपण काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि ते साधतं की फसतं हे वीस तोंडांचा फासा ठरवणार. बाकी सगळा खेळ बोलण्यात. दीक्षाने सोंग घेतलं ते वॉरलॉकचं, नाव ठेवलं निळाई. वॉरलॉक म्हणजे अशी बाई, जिच्याकडे स्वतःची जादू नसते. दुसऱ्या जगातलं कुणीतरी तिच्याशी करार करतं, तिला शक्ती देतं आणि बदल्यात काहीतरी मागतं. त्या कुणालातरी ही पोरं 'पेट्रन' म्हणत. सुरुवातीला तो कोण हे ठरवलं नाही तरी चालतं, पण वॉरलॉक तिसऱ्या पायरीवर पोचली की त्याचं नाव घ्यावंच लागतं.

सुट्टीत आलेल्या दीक्षाने हे सांगितलं तेव्हा रत्नपाल पोट धरून हसला. "म्हणजे भगतीण म्हण की! आपल्या खानदानात पहिली."

"भगतीण न्हाई हो पप्पा. आन पेट्रन म्हणजे काही देव न्हाई."

"मग कोण?"

"आपल्या मागं उभा राहतो तो."

"पाठीराखा," रत्नपाल म्हणाला, आणि मग घरात तोच शब्द रुळला.

दुसऱ्या वर्षाला असताना दीक्षाला ताप येऊ लागला. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. मग आधी नांदेड, मग संभाजीनगर, सलाईन, उलट्या, गळालेले केस, आणि मधल्या बऱ्या दिवसांत घर. त्या बऱ्या दिवसांत रविवारी दुपारी पूजाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि खेळ सुरू व्हायचा. पोरीच्या बोटांत फासा टाकण्याइतकंही बळ नसायचं, म्हणून रत्नपाल तिच्या उशाशी बसून तो टाकायचा. वीस पडले की बापलेक असे ओरडायचे, की सोजराबाई, दीक्षाची आई, भाकर तव्यावर तशीच टाकून धावत यायची. आणि काय झालं ते कळल्यावर दोघांनाही शिव्या घालत परत जायची.

याच दिवसांत सोजराबाईची आई, रुक्माबाई, नातीला बघायला आली. म्हातारी दोन दिवस नुसती पोरीकडे बघत बसली. मग जावयाला म्हणाली, "जावईबापू, पाण्याकाठचं लेकरू हाय. हिला आसरा लागल्यात. हिरव्या बांगड्या, खण, दहीभात घेऊन डोहावर जाऊ. लेकरू उठलं तर साती जणींची ओटी भरू, असं बोलून येऊ. तुमचं काय जाऊन राहिलं?"

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. नदीच्या डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, तेच त्यांचं ठाणं. धरणाखाली नदीच्या वळणावर असे दगड आहेत.

सोजराबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि ते त्याला दिसत होतं. तरी तो म्हणाला, "मामी, माझ्या आज्याला ह्याच नदीच्या पाणवठ्याला शिवू देत नव्हते. तवा ह्या साती जणी कुठं गेल्या व्हत्या? ज्यांनी आपल्याला ओंजळभर पाणी दिलं न्हाई, त्या लेकरू देतील? माझ्या घरातून कुणी डोहावर जाणार न्हाई."

त्याचं बोलणं खरंच होतं. म्हातारी दुसऱ्या दिवशी आपल्या गावी गेली आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

पावसाळा लागला तशी निळाई तिसऱ्या पायरीच्या तोंडाशी आली. दीक्षा अंथरुणावरून म्हणाली, "पप्पा, निळाईला पाठीराखा कोण घेऊ?"

"घाई काय हाय? तू जरा सावर, मग निवांत ठरवू."

श्रावण सरता सरता दीक्षा गेली.

पुण्यानुमोदनाला पूजा आली होती. भन्तेजींचं सूत्रपठण झालं, जेवणं झाली, माणसं पांगली, तरी ही पोरगी चप्पल घालून अंगणातच घुटमळत राहिली. शेवटी म्हणाली, "काका, निळाईचं काय करू?"

"काय करू म्हणजे? चालू ठेव. फासा तर मीच टाकत व्हतो की," रत्नपाल म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर खाली यायचं आणि रत्नपाल घरी फोन डब्याला टेकवून बसायचा. पलीकडे पूजा आणि तिचे दोन मित्र. पूजा विचारायची, "निळाई, तू काय करतेस?" आणि पन्नाशीचा, हाताला वार्निशचा वास असलेला हा माणूस दीक्षा देईल तसं उत्तर द्यायचा. तेवढा वेळ ती मेलेली नसायची. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिची गोष्ट पुढे जाताना त्याला फक्त इथेच ऐकू यायची. सोजराबाई त्या वेळी बाहेर अंगणात तुरी पाखडत बसायची. नवराबायकोत आता मीठ-भाकरीपुरतंच बोलणं उरलं होतं. त्याला वाटायचं, डोहावर जाऊ दिलं नाही याचा हा राग आहे, आणि तो तिने आयुष्यभर धरला तरी तिला बोल लावता येणार नाही.

थंडी पडली तेव्हा निळाई तिसऱ्या पायरीवर पोचली. पूजाने समजावून सांगितलं, "काका, आता नाव घ्यावं लागंल. आगीतला सैतान घेता येतो, रानातली परीराणी घेता येते, समुद्राच्या तळाचा कुणी बिननावाचा घेता येतो. तुमच्या मनातला कुणीबी चालंल, मी बसवते गोष्टीत." रत्नपालने एक रविवार टाळला, दुसरा टाळला. तिसऱ्याला पूजा फार हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या खेपेला ठरवाच काका. नसता तिची शक्ती जाईल, मग आपण तिला तिच्या गावी पाठवून देऊ. मरणार न्हाई ती. सुखात राहील तिथं."

रत्नपालने 'बरं' म्हणून फोन ठेवला. पोरीला एकदा पोचवून झालं होतं, आता दुसऱ्यांदा पोचवायचं त्याच्याच्याने होणार नव्हतं. तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळं व्हायचं, खेळच तर आहे, असं कुणीही म्हणेल. पण जित्या लेकीसाठी ज्याने कुणाचं नाव घेतलं नाही, घेऊ दिलं नाही, त्याने आता एका न जन्मलेल्या पोरीसाठी ते घ्यायचं, आणि तेही भिंतीपलीकडे सोजरा बसलेली असताना? त्याला स्वतःचीच शरम वाटत होती.

आठवडाभर हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. शनिवारी दुकानातून त्याने पूजाला फोन लावला आणि कॉईल भरता भरता विचारलं, "सैतानाशी करार केला तर तो बदल्यात काय मागंल? जीव मागतो का?" आता नेमका त्याच वेळी गावातला सोनाजी मोटार न्यायला दारात उभा. सोनाजीच्या पोटात बातमी राहणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी राहणं. त्याने मोटार काही नेली नाही, बातमी मात्र नेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिठाच्या गिरणीवर पोचली.

सोजराबाई दळण घेऊन घरी आली ती पांढरीफटक पडून. डबा कमरेवरच होता. "बाया म्हणून राहिल्या, तुमी पोरीला माघारी आणायला सैतान धुंडून राहिलात. खरं हाय का?"

रत्नपालला हसावं की रडावं कळेना. त्याने तिला बसवलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं: निळाई, तिसरी पायरी, करार, आणि आज नाव नाही घेतलं तर काय होणार ते. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मग घ्या की एक नाव. काहून अडून राहिले इतके?"

"कोणत्या तोंडानं घेऊ, सोजरा? ती व्हती तवा तुझ्या आईला म्या हुसकून लावलं. तवापासून तू माझ्याशी धड बोलली न्हाईस. आता ह्या खोट्या पोरीसाठी हात जोडू व्हय?"

सोजराबाईने डबा खाली ठेवला. "मी त्याच्यापायी गप्प न्हवते."

"मग?"

"मी गेलते."

"कुठं?"

"तुमी औंढ्याला मोटार बसवायला गेलते, त्या दिवशी. दीक्षाला झोप लागलती. आई परस्पर डोहावर आलती. बांगड्या ठेवल्या, खण ठेवला, दहीभात ठेवला. डोकं टेकलं. म्हणलं, आमच्या मालकाला कळू देऊ नका, पण माझं लेकरू सोडा." तिने दोन्ही हात डब्यातल्या पिठात रोवले. "तुमच्याकडं बघायची लाज वाटून राहिली हो मला. तुमचा शब्द मोडला, आन लेकरूबी गेलं."

आसरांवर रत्नपालचा कधीच विश्वास नव्हता. पण एका जागी जायचं आपण राहू दिलं, तिथं गेलो असतो तर कदाचित, असं पहाटे जाग आल्यावर त्याच्या मनात येऊन जायचं, आणि त्या 'कदाचित'मध्ये पोरगी वाचलेली असायची. तो स्वतःला त्याबद्दल शिव्या द्यायचा, पण ते येणं त्याला हवं असायचं. आता तेही गेलं होतं. जाण्यासारख्या सगळ्या जागी जाऊन झालं होतं. त्याला बायकोचा राग आला नाही. एकटी गेली, एकटीने डोकं टेकलं आणि एकटीनेच ते पोटात ठेवलं, याचं त्याला भयंकर वाईट वाटलं. पोरगी गेल्यावर चारचौघांत कोरडा राहिलेला हा माणूस बायकोच्या पिठाने माखलेल्या हातांत तोंड घालून रडला. तीही रडली.

दुपारी पूजाचा कॉल आला तेव्हा दोघंही तिथंच होती.

"काका, ठरलं का?"

रत्नपाल हातातला फासा नुसता फिरवत राहिला. तेव्हा आजवर फोनसमोर कधी न आलेली सोजराबाई पदराने डोळे पुसत पुढे सरकली. "पूजा, मी दीक्षाची आई. आसरा लिही."

"आसरा म्हणजे... नदीतल्या, काकू?"

"व्हय, साती जणी. त्यांनी माझी ओटी घेतली आन काम केलं न्हाई. आता तिच्या पाठीशी तरी उभ्या ऱ्हातील." बोलून झाल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात एका दगडापुढे न वाकलेला तो माणूस तिला अडवेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसती मान हलवली.

पूजा तांड्यावरची पोर, नवस म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. पण गोष्ट पुढे न्यायची तर तिला विचारणं भाग होतं. ती चाचरत म्हणाली, "काका, करारात एक विचारावं लागतं. शक्ती द्यायची म्हणजे त्या बदल्यात काही मागणार. निळाईनं त्यांना काय द्यायचं?"

रत्नपालने फोन जवळ ओढला.

"काही द्यायचं न्हाई, बाळा," तो म्हणाला. "आमचं देऊन झालंय."

पूजाने आसरा लिहिलं आणि विचारलं, "निळाई, तू काय करतेस?"