बोल्टमधलं खोबरेल

बायको वारली ती अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, लेकाच्या घरी. तिची खोबरेलाची बाटली बाथरूमच्या खिडकीत तशीच राहिली. तळाशी दोन बोटं तेल. सून म्हणाली, "बाबा, टाकू का ही?" मी असा खेकसलो की पुन्हा तिनं हात लावला नाही.

थंडीत ते तेल दगड व्हायचं. बायको बाटली गरम पाण्यात उभी करायची आणि म्हणायची, "मेलं इथं तेलसुद्धा गारठतंय, माझं काय!"

शेजारी एक गोरा म्हातारा होता, एकटाच. गॅरेजमध्ये रायफली जोडायचा. बायको त्याला चकल्या नेऊन द्यायची, 'बंदूकवाले भावजी' म्हणायची. ती गेल्यावर त्या गॅरेजशिवाय मला जायला जागा नव्हती. लेक लॅबमध्ये, टीव्हीवर इराकची लढाई. माझं इंग्रजी म्हणजे हातवारे. पण मी एसटी डेपोतला फिटर, नटबोल्टाचं बोलणं जमायचं.

त्याच्याकडे दोन रायफली. एक जुनी, लष्करातली. तिचा बोल्ट, म्हणजे मागं-पुढं सरकवून काडतूस आत घालायचा दांडा, ओढला की पडायला आलेल्या दातासारखा हलायचा. पण चिखलात पडली तरी चालायची. दुसरी त्यानं खास बनवून घेतलेली. बोल्ट इतका बेतून बसवलेला की मधे कागद जाणार नाही. नेम एकदम पक्का. खोड एकच, कचरा खपत नाही. जरा धूळ गेली की अडली.

"ही राणी आहे," तो म्हणायचा.

"डेपोत असली राणी मी दारातूनच परत पाठवली असती."

"मग तुझ्या बसनं हरीण मारून दाखव!"

ऑगस्टात राणी अडली. त्याचं तेल संपलेलं. मी घरून बाटली आणली. गावी बायकोचं शिलाई मशीन याच तेलावर चालायचं. बोल्ट खोलून आतल्या पिनेला, स्प्रिंगला सगळीकडे चोळलं. बोल्ट सुळकन सरकला. म्हातारा खूश. बाटलीत बोटभरच उरलं, पण तिचं काहीतरी कामाला आलं म्हणून मला बरं वाटलं.

नोव्हेंबरात तो शिकारीला गेला. गुडघे गेलेले; ही शेवटची, म्हणाला. संध्याकाळी माझं दार वाजवलं. नुसतं "ये" म्हणाला.

टेबलावर बोल्ट खोलून ठेवलेला. पिनेभोवती पांढरं, मेणासारखं थिजलेलं. मोठं हरीण समोर आलं होतं. चाप ओढला, तर जड झालेली पिन काडतुसावर नुसती टिचकली, गोळी सुटलीच नाही. हरणानं वळून बघितलं आणि गेलं.

हेही दार आता बंद, वाटलं.

"काय घातलं होतंस?"

मी डोक्यावरून हात फिरवून दाखवला. केसांचं. बायकोचं.

त्यानं पिन नाकाशी नेली. मग म्हणाला, "चकल्या घेऊन यायची तेव्हा हाच वास यायचा." आणि पिन माझ्यापुढे धरून विचारलं, "राहू देऊ असंच?"

"बंदूक चालायला नको का? उद्या परत जा."

फडकं मीच घेतलं. रॉकेलात बुडवून पिन घासली, स्प्रिंग घासली. वास गेला. तो शेजारी दिवा धरून उभा होता. बोल्ट जोडून ओढून बघितला, चांगला सरकला.

घरी आलो. खिडकीतलं बोटभर तेल थिजलं होतं. तांब्यात गरम पाणी घेतलं, बाटली उभी केली आणि तेल वितळेपर्यंत तिथंच बसून राहिलो.