निवडलेली ज्वारी

अक्का, मी कुरुंदवाड सोडलं तेव्हा तू सासरी होतीस. आई एसटीच्या खिडकीला धरून उभी होती. मी रडत होते आणि ती एकच सांगत होती, "परक्या गावात रिकामी बसू नगंस. हाताला काम असू दे." जयसिंगपूर मागं पडलं तरी तिचा आवाज कानात होता.

आता शाहूपुरीत आमची खोली आहे. हे गॅरेजात जातात. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये झाडलोट आणि चहा बघते. तिथं रुबिना नावाची मुलगी कॉम्प्युटरवर ज्वारीचा ढीग करते. म्हणजे पडद्यावर हजारो बारीक गोळे पडतात. शेजारच्या डब्यात खरी ज्वारी असते. ती ओतायची, ढिगाचा उतार मोजायचा आणि पडद्यावरचा ढीग तसाच उभा राहीपर्यंत आकडे बदलायचे. तो जुळला की मोठ्या कोठारात धान्य कुठं अडकेल ते आधीच कळतं. "कळतंय न्हवं मावशी?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

एका दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. डब्यातल्या ज्वारीत भुसा, खडे, फुटके दाणे. मला बघवेना. मी पेपर अंथरून सगळी ज्वारी निवडली, ताटात पाखडली आणि केर टाकून दिला. मनातून खूश होते.

दुसऱ्या दिवसापासून ढीग बसका व्हायला लागला. भुशानं धरून ठेवलेले दाणे आता घसरत होते. रुबिना दोन आठवडे कॉम्प्युटरमधली चूक शोधत बसली. तिचा जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा. मला सगळं कळलं होतं. पण चौथी शिकलेली बाई ज्वारी निवडत बसली म्हणून लॅबमधली पोरं हसतील, या लाजेनं मी गप्प राहिले.

शेवटी तिनं ज्वारी तोलली. पहिल्यापेक्षा वजन कमी भरलं.

"सर, नमुना मीच नीट ठेवला नाही. पहिल्यापासून करते," ती लॅबच्या सरांना म्हणाली.

"मग इतके दिवस झोपा काढल्यास व्हय गं?" सर म्हणाले. पोरं हसली. मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते. सरांनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, च्यात साखर न्हाय की." मी साखर आणायला गेले.

आपल्या घरी माझ्या हातून काही सांडलं तर आधी "मी केलं" म्हणायचे, मग आईचा मार खायचे. घर म्हटलं की आता मला तेवढंच आठवतं. इथं मला कुणी मारत नाही. नवी ज्वारी ओतताना रुबिना डबा धरायला मलाच हाक मारते, आणि मी जाऊन धरते.