डेसमंडची खुर्ची

माझी सगळी नोकरी हॅमिल्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली. मायक्रोस्कोपखाली दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा – असा माझा खाक्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचायचे, खोटं कशाला सांगू! पण परवा कोणीतरी विचारलं, "कॅनडात असं काही कोणाला आलंय का अनुभवाला?"... आणि मी दोन दिवस अस्वस्थ होते. म्हटलं, लिहूनच टाकावं. घाबरण्यासारखं यात काही नाही, आधीच सांगते.

२०१६ चा विंटर. मी नुकतीच रिटायर झाले होते. नवरा सुधीर माझ्या आधीच स्टील प्लांटमधून रिटायर झालेला. दिवसभर दोघं घरात समोरासमोर... त्यापेक्षा बरं म्हणून मी दर गुरुवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. काम बेसमेंटमधल्या आर्काइव्हमध्ये. आयर्लंडहून आलेल्या लोकांनी इथे बरीच वर्षं एक हौशी नाटक कंपनी चालवली होती. चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग, नटांमध्ये कोणी नर्स, कोणी प्लंबर. आपल्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकासारखंच सगळं! कंपनी बंद पडल्यावर तिचे फोटो, पोस्टर्स, खुणा केलेली स्क्रिप्ट्स असं सगळं लायब्ररीकडे आलं. ते साफ करून, नीट लावून बॉक्समध्ये भरायचं.

त्यात एका सेटचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. बुटांच्या खोक्याएवढी खोली – एका बाजूला फायरप्लेस, दुसऱ्या बाजूला खिडकी, कपाटात तांदळाएवढ्या बशासुद्धा. सगळं चिकटवलेलं. फक्त अंगठ्याएवढी एक लाकडी खुर्ची सुटी होती आणि ती खिडकीपाशी होती. मात्र प्रयोगाच्या प्रत्येक फोटोत ती फायरप्लेसशी दिसत होती. तेव्हा आर्काइव्ह सांभाळणाऱ्या हेदरला विचारून मी ती चिमट्यानं उचलून फायरप्लेसशी ठेवली.

पुढच्या गुरुवारी झाकण उघडलं, तर खुर्ची खिडकीपाशी!

वाटलं, बॉक्स कोणीतरी वाकडा धरला असेल. परत ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच... आणि खुर्चीचं तोंड बरोबर बाहेरच्या बाजूला.

हेदरला वाटलं, मीच ती हलवतेय. म्हणाली, "शैला, सॉरी हं, पण आर्काइव्हमधल्या वस्तू आपण आपल्या मनानं हलवायच्या नसतात." अगदी गोड आवाजात. त्या गोड आवाजानंच मला जास्त लागलं. जन्मभर लॅबमध्ये दुसऱ्याच्या सॅम्पलला कधी चुकीचं लेबल लागू दिलं नाही मी. आणि इथे फुकट काम करून वर हे ऐकायचं!

घरी सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "व्हायब्रेशन असणार गं. बेसमेंटमध्ये फर्नेस असते, फॅन असतात."

"मग व्हायब्रेशननं दर वेळी खिडकीशीच जाते का? एकदा तरी कपाटाशी जावी की!"

त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

मी हेदरला सरळ म्हटलं, "यावेळी तूच ठेव." तिनं स्वतः खुर्ची फायरप्लेसशी ठेवली, फोटो काढला, झाकणाला टेप लावून त्यावर सही केली, खोलीला कुलूप लावलं. पुढच्या गुरुवारी टेप जशीच्या तशी होती. आत खुर्ची खिडकीपाशी. हेदरनं टेपवरची आपली सही पुन्हा तपासली. मग हळूच म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, शैला." यावेळी आवाज गोड नव्हता, खरा होता.

मॉडेल बनवणारा डेसमंड हयात नव्हता. पण त्याची बायको, त्याच कंपनीची डायरेक्टर, मॉराबाई इथल्याच एका रिटायरमेंट होममध्ये राहत होत्या. नवरा गेल्यापासून त्या नाटकाबद्दल कोणाशी बोलत नाहीत, असं बॉक्स आणून देणारी त्यांची भाची म्हणाली होती. तरी एका बुधवारी मी फोन केला. मॉडेलचं, फोटोंचं सांगितलं, आणि विचारलं, "कॅटलॉगमध्ये खुर्चीची जागा कोणती लिहू?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "मॉडेलमध्ये कुठे आहे म्हणालीस?"

"खिडकीपाशी. आम्ही हलवली तरी... परत जाते."

दुसऱ्या दिवशी भाचीच्या गाडीतून त्या हजर! ऐंशीच्या पुढच्या, हातात वॉकर, ओठांना लिपस्टिक. मॉडेलवर वाकल्या आणि म्हणाल्या, "अजून तेच का रे तुझं!"

हे आम्हाला नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. नाटकातली बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत बसावी, हा डेसमंडचा हट्ट. "मी म्हटलं, लोकांनी तिकीट काढून काय तिची पाठ बघायची? तालमीत मी खुर्ची फायरप्लेसशी न्यायचे, हा परत खिडकीशी. प्रयोगात माझंच चाललं. मग घरी येऊन यानं मॉडेलमधली खुर्ची खिडकीशी ठेवली. म्हणाला, इथे तरी माझं चालू दे. मी ती हलवायचे, तो परत ठेवायचा. जन्मभर!"

हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "होममध्ये सगळे फार चांगले आहेत गं. येस मॉरा, ऑफ कोर्स मॉरा. माझं म्हणणं खोडून काढणारं कोणी उरलंच नाही."

त्यांनी एका बोटानं खुर्ची फायरप्लेसशी सरकवली. "बघू आता," म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी मी झाकण उघडलं आणि त्यांना फोन लावून म्हटलं, "खिडकी!" त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

तेव्हापासून त्या वरचेवर यायला लागल्या. आल्या की आधी खुर्ची हलवायची, नवऱ्याला दोन शब्द सुनावायचे, मग माझ्याशेजारी बसून फोटोंतली माणसं ओळखून द्यायची – हा कोण, ती कोणाच्या प्रेमात होती, कोण स्टेजवर वाक्य विसरलं. नावांशिवाय कोरे राहिलेले सगळे फोटो बोलायला लागले. हेदरनं त्यांच्यासाठी घरून उशी आणली. मीही कधी डब्यात चकल्या न्यायचे, त्या आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून खायचो.

एकदा आम्ही तिघी त्या खोलीत फोटो बघत होतो. मॉडेल मागच्या टेबलावर उघडंच होतं. काडेपेटी सरकवावी तसा बारीक आवाज आला. वळून बघितलं तर खुर्ची खिडकीपाशी. हलताना कोणीच बघितली नाही. मॉराबाई फोटोवरून नजर न काढता म्हणाल्या, "लक्ष देऊ नका. त्याला तेच हवं असतं."

पुढचा विंटर त्यांना जड गेला. शेवटच्या आल्या तेव्हा दम लागत होता, तरी खुर्ची सरकवायला विसरल्या नाहीत. त्या दिवशी मात्र भांडल्या नाहीत, नुसतं बोट खुर्चीवर ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या गुरुवारी झाकण उघडलं... आणि खुर्ची फायरप्लेसशीच! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लगेच फोन लावला. उचलल्या उचलल्या मी ओरडलेच, "मॉरा, तुम्ही जिंकलात!"

फोन भाचीनं घेतला होता. मॉराबाई आदल्या रात्री झोपेतच गेल्या होत्या.

आजपर्यंत खुर्ची जागची हललेली नाही. का जायची, का थांबली... मला माहीत नाही. हेदरलाही नाही, आणि सुधीरनं तर व्हायब्रेशनचं नाव काढणं सोडलंय. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवते असं म्हणणार नाही. पण दर गुरुवारी गेले की आधी ते झाकण उघडते. खुर्ची फायरप्लेसशी दिसते, आणि खरं सांगू? जरा वाईट वाटतं.