रिकामं स्टूल

लंडनमधल्या एजवेअरचं घर घेतलं तेव्हा जुन्या मालकिणीचा चौकोनी पियानो घरातच राहिला. त्याचे सूर लावायला दर सहा महिन्यांनी इल्फर्डहून एक जण येतो. आपल्यातलाच, पण इथे जन्मलेला. मला काकू म्हणतो. दारात बूट काढतो, चहा गार होऊ देतो आणि तार पिळताना डोळे मिटून "राइट, राइट" पुटपुटतो. स्टुलावर मात्र बसत नाही, सगळं काम उभ्यानंच. मला वाटायचं, पाठ दुखत असेल.

परवा त्यानं विचारलं, "काकू, कोण प्रॅक्टिस करतं?"

"कोणी नाही रे. मी एकटीच असते, आणि मला वाजवता येत नाही."

"बाकी सगळं ट्यूनमध्ये आहे. फक्त हे पाच नोट्स उतरलेत. एव्हरी टाइम हेच. खूप वाजवलं की असं होतं."

"मग विकून टाकू का?"

पियानोचं झाकण उघडंच ठेवून त्यानं स्टूल अलगद पुढे सरकवलं, त्यावरची धूळ रुमालानं पुसली आणि बाहेर येऊन खोलीचं दार ओढून घेतलं.

"काकू, आपण किचनमध्ये बसू. कोणी समोर असलं की वाजवायला ऑकवर्ड होतं."

किटली उकळून बंद झाली, तरी आम्ही दोघंही त्या बंद दाराकडे कान लावून बसलो होतो.