कर्दळ लावू की शेवंती?

काल आमच्या बागेच्या ग्रुपवर एका मुलीने विचारलं, "कुंपणाजवळ थोडी जागा आहे, कर्दळ लावू की शेवंती?" मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि थेट जयपूरच्या रेल्वे कॉलनीत जाऊन पोहोचले...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे रेल्वेत गार्ड, आणि आम्ही मूळचे साताऱ्याचे. शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरची सुलभा. दोन्ही घरांपुढे मिळून मातीचा एकच वाफा होता, आणि दोघींनाही बागेचं वेड. म्हणजे भांडण ठरलेलंच.

मी पडले घाईची. झोटवाड्याच्या एका माळ्याकडून कर्दळीचे कंद आणले आणि सुलभाने आपलं सामान सोडायच्या आधीच वाफ्याची दक्षिणेकडची बाजू बळकावली. उरलेल्या अर्ध्यात तिने शेवंती लावली. पिवळी, तिच्या आईच्या अंगणातली... प्रत्येक बदलीत ती त्याच झाडाचे दोन फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून नेत असे.

आता खरं सांगते, तेव्हा मला शेवंतीचं काडीचं कौतुक नव्हतं. कर्दळ कशी, कंद मातीत ढकलला की काम झालं. आंघोळीचं, भांड्यांचं, कसलंही पाणी घाला, ती पिते. जयपूरच्या लूमध्ये, त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळी वाऱ्यात, पानांच्या कडा करपतात, आंधीत पानं फाटतात, पण बाई खालून नवा कोंब काढून पुन्हा उभी. मार्चपासून लालभडक फुलं.

आणि शेवंती? तिचे शेंडे खुडा, पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात, कमी झालं तर मान टाकते. एवढी सरबराई करून फुलं कधी, तर थंडीत. मी सुलभाला येताजाता चिडवायचे, की तुझ्या झाडाला फुलं येईपर्यंत आपण रिटायर होऊ. ती हसून म्हणायची, "अवो ताई, थोडी कळ काढा. आपल्या टायमावर येते ती."

एकदा मटार सोलता सोलता ती बोलून गेली, की लग्नानंतर या झाडाचं फूल तिने स्वतःच्या दारात पाहिलंच नव्हतं. आधीच्या दोन्ही गावी कळ्या धरल्या आणि बदलीची ऑर्डर आली. आई गेल्यावर तर तिला ती फुलं फार पाहायची होती. मी ऐकलं, "अरेरे" म्हटलं, आणि मटार सोलत राहिले.

दसऱ्याच्या सुमारास ती माझ्याकडे आली. सूर्य दक्षिणेकडे कलायला लागला होता, आणि माझी पुरुषभर उंच कर्दळ शेवंतीवर अर्धा दिवस सावली धरत होती. ती म्हणाली, "ताई, थोडी छाटता का? ऊन नाही मिळून राहिलं हिला." मी साफ नाही म्हटलं. फुलावर आलेलं झाड कोणी कापतं का? आपला तो बाब्या ना...

दिवाळी झाली. तिची शेवंती हिरव्या, गच्च मिटलेल्या कळ्यांनी भरली होती. कॉलनीत इतरांच्या शेवंत्या उन्हात फुलूनही गेल्या, हिची मात्र हलेना. आणि तिच्या मिस्टरांची आबू रोडला बदलीची ऑर्डर आली.

आठ दिवसांत त्यांनी गाशा गुंडाळला. सामानाच्या धक्क्यांत कळ्यांचं झाड टिकलं नसतं, म्हणून तिने पुन्हा दोन फुटवेच घेतले. निघताना कळ्यांवरून नुसता हात फिरवला. चूक माझी होती, आणि आम्हा दोघींना ते ठाऊक होतं.

ती गेली त्याच संध्याकाळी मी कोयता घेतला आणि फुलांसकट सगळी कर्दळ गुडघ्याएवढी छाटली. यांना वाटलं मला वेड लागलं. पंधरा-वीस दिवसांत शेवंतीला रंग फुटला.

आता रेल्वेवाल्यांना माहीत असेल, आमच्यात लोणची, लाडू, विसरलेली छत्री, सगळं गार्डच्या डब्यातून जायचं. एक गार्ड उतरताना दुसऱ्याच्या हवाली करायचा. पण झाड कोणी पाठवलं नव्हतं. मी मुळाशी मातीचा मोठा गोळा धरून शेवंती काढली, तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवली आणि यांच्यापुढे ठेवली. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "फुलेरा जंक्शनपर्यंत मी नेतो, पुढे तिचं नशीब." मी प्रत्येक गार्डसाठी चिठ्ठी बांधली, की पाणी थोडंच घाला आणि फूल तोडू नका.

फुलेरा, अजमेर, मारवाड... तीन हात बदलून ती गेली. पाच दिवस काही कळेना. मला जेवण गोड लागेना, आणि मी काही तशी हळवी बाई नाही.

सहाव्या दिवशी हे ड्यूटीवरून आले ते हसतच. गार्डांच्या तोंडातोंडी हिंदीतून सुलभाचा निरोप आला होता. "बहनजी ने कहा है, फूल देख लिए, सात हैं. दो दिन दरवाज़े पर ही बैठी रहीं. अब कर्दळ की गाँठ भेज दो." मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी चांगले जाडजूड चार कंद बांधून दिले.

तर मुली, तू ग्रुपवर विचारलंस म्हणून सांगते, माझं मत अजूनही पक्कं आहे. कामाला कर्दळच चांगली. पण दोन्ही लाव, आणि उन्हाची बाजू शेवंतीला दे. शेजारणीने विचारायच्या आधी दे.